आतून दिलेला टेकू

उकंडभाऊ शाळेत आले की आधी कोणाला नमस्कार करत नसत. चपला पायरीखाली काढायच्या, खांद्यावरचा दुपट्टा कमरेला बांधायचा आणि सरळ पहिल्या खोलीच्या भिंतीपाशी जायचं. उजव्या हाताचं मधलं बोट मुडपून भिंतीवर तीन ठोके. मग कान लावायचा. मग दोन पावलं पुढे, पुन्हा तीन ठोके. तीनही खोल्यांच्या भिंती अशा वाजवून झाल्या की हापशीवर हात धुवायचे आणि मग, "रामराम मॅडम." दर सोमवारी. अठरा वर्षं. त्यातली शेवटची सात माझ्या डोळ्यांसमोर गेली.

माझी त्यांची पहिली भेटच या ठोक्यांवरून झाली. मुख्याध्यापिका म्हणून चांदूर बाजार तालुक्यातल्या या शाळेवर रुजू होऊन मला तासही झाला नव्हता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अमरावतीच्या राजापेठेतून सकाळी निघून, बस बदलून, शेवटचे दोन किलोमीटर चालून आले होते, डोकं तापलेलं होतं. त्यात भिंतीपलीकडून टक्, टक्, टक्. मी अकोल्याच्या वकिलाची मुलगी, आवाज खणखणीत. खुर्चीतूनच ओरडले, "कोण आहे रे तो? ये इकडे! हात पुढे कर!" दारात पन्नाशीचा एक काळासावळा, उंच माणूस आला आणि त्यानं खरंच तळहात पुढे केला. "उकंडराव जी. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. मारा." मला हसू आवरेना आणि माफीही मागता येईना.

"पण भिंत कशाला वाजवता?" मी विचारलं.

"टरबूज वाजवून घेता का नाई तुमी बजारात? दहा रुपयाचं फळ माणूस वाजवून घेते. मंग जिच्याखाली लेकरं बसतात, थे भिंत नाई वाजवा लागत काय?"

फळांचा त्यांना अधिकारच होता. नदीकाठी त्यांचं चार एकर वावर. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात पात्रात टरबुजं आणि बाराही महिने फुलं, गोंडा आणि शेवंती. पहाटेच्या गाडीनं अमरावतीच्या फूलबाजारात माल टाकून दहाच्या आत गावात परत. नाव उकंडराव का, तर आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं हे चौथं लेकरू सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं उचलून आणून दिलं. नजर लागू नये म्हणून करतात आमच्याकडे. ते स्वतःच सांगायचे, "मी फेकलेला माल होय. बाजारात भाव नाई, पण टिकलो."

समितीचा अध्यक्ष पालकच असावा लागतो. दर दोन वर्षांनी गावसभा भरायची, नवी समिती निवडायची, आणि नव्या समितीचे अध्यक्ष म्हणजे जुनेच उकंडभाऊ. मुलगी शिकून गेली तर मुलगा, मुलगा गेला तर भावाची पोरं. कोणी ना कोणी त्यांच्या नावावर पटावर असायचंच. या कामाला मानधन नाही, गाडी नाही, साधी खुर्चीसुद्धा नाही. उलट पदरचं पेट्रोल जाळून तालुक्याला खेटे घालायचे आणि साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "भाऊ, सोडा ना आता. दुसऱ्या कोणाला तरी करू द्या." ते म्हणाले, "सोडीन जी. कोणी भिंत वाजवनारा भेटला का त्याच दिवशी सोडीन."

सोमवारच्या भिंती झाल्या, पण रोजचं काम वेगळंच होतं. प्रार्थना संपायच्या सुमारास लुना फाटकाशी लावायची आणि आत येणाऱ्या पोरांना विचारायचं, "आज कोण नाई?" बस, एवढंच. आले किती याची त्यांना पर्वा नव्हती. पोरंही तरबेज झालेली. चाळीस-पन्नास पोरांतून तीन नावं उठायची. मग लुना त्या घरांकडे. कोणाला ताप, कोणी मामाच्या गावाला, कोणी बकऱ्यांमागे. ताप असेल तर गोळी देऊन यायचे, बकऱ्या असतील तर पोराला लुनावर बसवून आणायचे. एका दारुड्या बापानं भर चौकात आईवरून शिव्या दिल्या. भाऊंनी सगळ्या ऐकून घेतल्या आणि मग म्हणाले, "झालं? आता पोट्ट्याचं दप्तर दे." पोरगं आलं. तो बाप दुसऱ्या दिवशी फाटकाशी येऊन मला विचारत होता, भाऊ रागावले तर नाही ना?

त्यांच्या स्वतःच्या वावराचा एक कायदा होता. शाळेच्या वेळात तिथं पोर दिसलं नाही पाहिजे. फुलं तोडायला येणाऱ्या बाया आपापली पोरं मदतीला आणत, सगळीकडेच आणतात. भाऊ बाईला काही बोलत नसत. पोर उचलायचं, लुनावर टाकायचं, शाळेत. "फुलं उद्याही निघतीन," म्हणायचे, "आजचा पाठ काय उद्या फांदीवर राह्यते?"

मी रुजू झाले त्याच्या पुढच्या जून महिन्यात एका सोमवारी ठोके थांबले. बराच वेळ पुढचा ठोका येईना म्हणून मी बाहेर आले. भाऊ तिसऱ्या खोलीच्या मागच्या भिंतीला कान लावून उभे होते. जुनी भिंत, विटा मातीत रचलेल्या, वरून सिमेंटचा गिलावा, डोक्यावर पत्रे. ते म्हणाले, "मॅडम, हे पोकळ बोलून राहिली."

आता इथं मला एक कागद समजावून सांगावा लागेल, कारण सगळं त्यावरच आहे. दर जूनमध्ये शाळेची इमारत सुस्थितीत असल्याचा दाखला वर पाठवायचा असतो. खाली दोन सह्या, पहिली मुख्याध्यापकाची, दुसरी अध्यक्षाची. इमारत धोक्याची असेल तर 'शिकस्त' असं लिहायचं. शिकस्त लिहिलं की पोरं तिथं बसवता येत नाहीत. ती 'तात्पुरती' शेजारच्या गावच्या शाळेत पाठवायची. मग खोली पाडायला मंजुरी, मग नवीन खोलीला मंजुरी, मग केव्हातरी बांधकाम.

मी शिकस्त लिहायचं म्हटलं. भाऊंनी मला लुनावर मागं बसवलं आणि नाल्यापलीकडच्या गावात नेलं. तिथल्या शाळेनं काही वर्षांपूर्वी शिकस्त लिहिलं होतं. तात्पुरतं संपलंच नाही. पोरं लांब जाईनात, मुली तर मुळीच जाईनात, पट घसरला, आणि पट घसरला म्हणून शाळाच बंद केली. आम्ही गेलो तेव्हा वर्गात कुटाराचे ढीग होते आणि फळ्याखाली दोन म्हशी बांधल्या होत्या. फळ्यावर अजून बाराखडीतली दोन-चार अक्षरं दिसत होती. भाऊ म्हणाले, "या गावच्या पोट्ट्या आता माह्याकडे फुलं तोडाले येतात. तेरा वर्साच्या, चौदा वर्साच्या. त्याइले मी कोणत्या शाळेत नेऊ?"

परत आल्यावर मी दाखल्यावर लिहिलं, 'इमारत सुस्थितीत आहे.' माझ्याच अक्षरात लिहिलं आणि पहिली सही केली. त्यांनी मला लिही म्हटलं नव्हतं. ते नुसते बसले होते. मी सही करून कागद सरकवला तेव्हा त्यांनी तो दोन वेळा वाचला, आणि मग सावकाश, एकेक अक्षर काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं.

त्याच डाकेनं भिंतीच्या दुरुस्तीचा प्रस्तावही पाठवला. महिन्याभरात तो परत आला. शेरा असा, की इमारत सुस्थितीत असताना दुरुस्तीची गरज काय? हसावं का रडावं! पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. दाखला सुस्थितीचा, प्रस्ताव दुरुस्तीचा, आणि उत्तर तेच. सहा वेळा मी तो दाखला लिहिला.

आम्ही अगदीच आंधळे नव्हतो. तिसऱ्या खोलीतला वर्ग पहिल्याच वर्षी व्हरांड्यात हलवला, खोलीला कुलूप घातलं. दिवाळीच्या सुट्टीत भाऊ स्वतः घमेलं घेऊन भेगा बुजवायचे. तरी भिंतीला पोट आलंच. तेव्हा ते दोन जाड लाकडी बल्ल्या घेऊन आले आणि म्हणाले, "टेकू देतो. भाईरून देऊ ना?" मी म्हटलं, "बाहेरून नको भाऊ. येणाऱ्या साहेबांना पहिल्याच नजरेत दिसेल. आतून द्या, खोलीला कुलूपच आहे." शब्द न् शब्द मला आठवतो. ते क्षणभर बल्ली हातात धरून उभे राहिले. भिंतीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण मॅडम शिकलेली होती. त्यांनी टेकू आतून दिला.

आणि त्या भिंतीच्या मागच्या अंगाला, जिथं पत्र्याची आणि कडुनिंबाची मिळून गार सावली पडायची, तिथं आमची पोरं रोज दुपारी खिचडी खायला बसायची. खोली रिकामी केली म्हणजे धोका गेला असं आम्ही दोघांनीही धरून चाललो. भिंत बाहेरही पडू शकते हे एवढं साधं आमच्या डोक्यात आलं नाही. आज लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

महालक्ष्म्या दोन दिवसांवर होत्या. फुलांना मागणी, भाऊंच्या वावरात बाया भल्या पहाटेपासून. आठ दिवसांची झड उघडून त्या दिवशी चांगलं कडक ऊन पडलं होतं. फुलं तोडणाऱ्यांत शोभा होती, आणि तिच्याबरोबर तिची समीक्षा, माझ्या चौथीतली. बारीक चणीची, बोलताना एक वेणी तोंडात धरायची. मी दहा वेळा ती वेणी ओढून काढली असेल. भाऊ अमरावतीहून परतले, फाटकाशी विचारलं, "आज कोण नाई?" पोरांनी समीक्षाचं नाव सांगितलं. ते थेट आपल्याच वावरात गेले. शोभा म्हणाली, "आजच्या दिस राहू द्या भाऊ. फुलं लय हायत, तेवढाच हात लागते." भाऊंनी नेहमीचंच उत्तर दिलं आणि समीक्षाला लुनावर बसवून आणलं. तिच्या ओंजळीत गोंड्याची फुलं होती. ती तिनं माझ्या टेबलावर ठेवली.

दुपारी पावणेदोनला भिंत पडली. मी कार्यालयात होते. आवाज फार मोठा झाला नाही. पोतं टाकल्यासारखा आवाज, आणि मग पोरांचा. सहा पोरं विटांखाली सापडली. पाच निघाली, कोणाचा हात मोडलेला, कोणाचा पाय. समीक्षा भिंतीला टेकून बसली होती. भाऊंनी उघड्या हातांनी विटा उपसल्या, बोटांची नखं गेली. गाडीत तिला मांडीवर घेऊन ते अमरावतीला निघाले. बायपासच्या अलीकडेच ती गेली. तरी त्यांनी गाडीवाल्याला सांगितलं नाही, दवाखान्यापर्यंत तिला तशीच धरून बसले.

परत आल्यावर ते ढिगाऱ्यापाशी उभे होते. दोन्ही बल्ल्या खोलीत तशाच शाबूत, तिरक्या, पुढं झुकलेल्या. टेकू ठाम राहिला होता. भिंत त्यानं बाहेर ढकलली होती. "मी आतून टेकू देल्ला मॅडम," ते म्हणाले. "मी आतून देल्ला." त्यांनी 'तुमी म्हटलं म्हणून' असं एकदाही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

चौकशी आली. साहेब यायच्या आधी भाऊंनी मला कडुनिंबाखाली गाठलं. बोटांना फडकी बांधलेली होती. "तुमी गप राहा," ते म्हणाले. "शाळेत मास्तर दोन. तुमाले घरी बसवलं तं एक राह्यते. मंग म्हणतीन, एका मास्तरवर पाच वर्ग कसे चालवता, करा बंद. माही काय नोकरी जाते?"

"भाऊ, हे खोटं होईल."

"सहा वर्स काय खरं लिवत होतो?"

साहेबांपुढे ते हात बांधून उभे राहिले. म्हणाले, मॅडम शिकस्तच लिहिणार होत्या, मी गाव गोळा करून अडवलं, दुसरा कागद लिहायला लावला. साहेबांनी विचारलं, टेकू कोणी दिला? "मी." आतून का दिला? "माही अक्कल, साहेब." मी टेबलापलीकडे बसले होते, माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता, आणि मी त्या ग्लासाकडे बघत राहिले. मला लेखी ताकीद मिळाली. पोलिसांनी जबाब घेतले आणि प्रकरण अपघात म्हणून मिटलं. गावात मात्र एकच नाव झालं. उकंड्यानं पोरगी खाल्ली. ज्यांच्या पोरांना त्यांनी खांद्यावर बसवून आणलं होतं, त्यांनीच हे म्हटलं.

पंधरा दिवसांनी समाजमंदिराच्या ओट्यावर शाळा पुन्हा भरली. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, भाऊ येणार नाहीत. पण लुना आली. अंगवळणी पडलेली गोष्ट, पाय आपोआप चालतात. पोरं आत येत होती, आणि भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "आज कोण नाई?"

पहिलीतली एक चिमुरडी होती. तिला काय कळतं! ती उत्साहानं म्हणाली, "समीक्षा नाई."

भाऊ ओट्याच्या पायरीवर खाली बसले. मग उठून लुना हातानं ढकलत घेऊन गेले. चालू करायचंही भान नव्हतं.

त्याच आठवड्यात समितीची सभा होती. त्यांनी राजीनामा स्वतः लिहून आणला होता, वहीच्या कागदावर, एका ओळीचा. 'मी या कामाले लायक नाई, तरी मले मोकळं करावं.' चौथीपर्यंत याच शाळेत शिकलेला माणूस. मी एका शब्दाचीही सुधारणा केली नाही, तसाच दप्तराला लावला. शाळेची एक किल्ली त्यांच्याकडे असायची, ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली. आमच्याकडे साधा शिपाई निवृत्त झाला तरी शाल-नारळ होतो, दोन शब्द बोलतात. अठरा वर्षांनी उठून जाणाऱ्या या माणसाला "बसा" म्हणायलाही कोणी तयार नव्हतं. एका सदस्यानं घड्याळ पाहिलं. मी ठरावात लिहिलं, 'राजीनामा एकमताने मंजूर.' ते लिहायचं काम माझंच होतं.

त्यानंतर भाऊंनी शाळेवरून जाणं सोडलं. वावरात जायला ती वाट जवळची, पण ते मसणवटीकडून वळसा घालून जात.

आणि शाळा वाचली की! जी खोली सहा वर्षांत कागदावरून हलली नाही, तिथं वर्षाभरात तीन पक्क्या खोल्या उभ्या राहिल्या, स्लॅबच्या, फरशीच्या. पोरगी गेल्यावर सगळ्या मंजुऱ्या धावत आल्या. उद्घाटनाच्या निमंत्रितांची यादी मी केली. वरून निरोप होता, जुन्या अध्यक्षांना बोलवू नका, उगीच वाद नको. मी बोलावलं नाही. त्या दिवशी दाराला गोंड्याची भरगच्च तोरणं होती. मी नव्या अध्यक्षांना विचारलं, फुलं कोणाकडून आणली? ते म्हणाले, सकाळी फाटकाशी दोन टोपल्या ठेवलेल्या होत्या.

त्यानंतर वर्षभरात मी निवृत्त झाले. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला. अकोल्याला भावाजवळ राहायला आले. शोभाकडे जायचं मी रोज ठरवत होते आणि रोज टाळत होते. निवृत्तीपर्यंत नोकरीची भीती होती. नंतर ती गेली आणि कसली भीती उरली ते मला आजही नीट सांगता येत नाही.

गेल्या थंडीत कळलं की भाऊंना मुलीनं उपचारासाठी अकोल्याला आणलंय. फुप्फुसं गेली होती. मी भेटायला गेले. उशीला टेकवून बसवलेले, हाडं मोजता यावीत असा देह. मला पाहून दुपट्टा सारखा केला.

"मॅडम, नवी भिंत वाजवून पाह्यली काय?"

"पाहिली ना," मी म्हटलं. "एकदम भरीव आहे." निवृत्त होईपर्यंत वर्षभर मी त्या नव्या शाळेत बसले होते. एकदाही कुठल्या भिंतीला बोट लावलं नव्हतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमाले तोंडानं खोटं जमत नाई," म्हणाले. "कागदावर जमते." आणि हसले. माझ्या तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी त्यांचा हात धरला. दोन बोटं वाकडीच राहिली होती, नखं पुन्हा नीट आली नव्हती.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "शोभाकडे गेल्या काय?"

"नाही भाऊ."

"जा."

आठ दिवसांनी भाऊ गेले.

तेराव्याला मी गावात आले. पंगतीला माणसं बेताचीच होती. आधी शाळेत गेले. सुट्टी होती, फाटक उघडंच होतं. चपला पायरीखाली काढल्या आणि तिन्ही खोल्या बाहेरून वाजवल्या, तीन-तीन ठोके. कान लावून ऐकलं. मला काही कळलं नाही. भरीव काय आणि पोकळ काय, सगळं सारखंच ऐकू येत होतं. सात वर्षं तो माणूस माझ्यासमोर भिंती वाजवत होता आणि फरक कसा ओळखायचा हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मग शोभाकडे गेले. ती दारात चटईवर शेवंतीचे हार ओवत बसली होती. मला पाहून उठली नाही. मी उभ्या उभ्याच बोलले, कारण बसले असते तर बोलणं झालं नसतं. म्हटलं, शोभा, तो दाखला मी लिहिला होता. पहिली सही माझी होती. मला कोणी अडवलं नव्हतं. आणि टेकू आतून द्या असं मी सांगितलं, भाऊ बाहेरून देणार होते.

तिची सुई थांबली.

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "भाऊनं सांगतलं होतं. राजीनामा देल्ला त्याच दिशी आले अन् इथी, तुमी उभ्या हा ना, इथीच बसून समदं सांगतलं. माह्या पायावर डोकं ठेवलं. म्हणे, साहेबाले खोटं सांगतलं, तुले नाई सांगत. म्हणे मॅडमचं नाव कोठी घेऊ नको, शाळा बंद पडन. मॅडम स्वताहून येतीन तुह्याकडे."

तिनं हातातला हार बाजूला ठेवला.

"मंग दर सोमवारी येत जाये थो," शोभा म्हणाली. "चार वर्स. अंगात ताप असला तरी ये. आत नाई ये, दारातूनच इचारे, 'आल्या काय?' मी म्हनो, नाई. मंग जाये."

मी खाली बसले, चटईच्या कडेला. शोभानं मला पाणी विचारलं नाही. तिनं सुईत नवा दोरा घातला, गाठ मारली आणि पुढचं फूल घेतलं.